मनोऱ्यांसह खाडी

ऐरोलीतल्या एका उंच इमारतीत, बाविसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभे राहून त्या घराच्या मालकीणबाईंनी मला समोरचे दृश्य दाखवले. हिवाळ्यातली सकाळ होती. खाली तिवरांचा काळपट हिरवा पट्टा, त्यापलीकडे ओहोटीने उघडा पडलेला चिखल, चिखलातून वळत गेलेली पाण्याची चकाकती वाट, पैलतीरावर मुलुंड-भांडुपच्या इमारतींची दाटी आणि त्या सगळ्यामागे येऊरच्या डोंगरांची निळसर रेघ. उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांचे मनोरे मात्र या दृश्याला आडवे छेदत, खाडीत पाय रोवून एकामागे एक उभे होते. बाईंना दिवाणखान्याच्या भिंतीसाठी याच दृश्याचे मोठे जलरंगचित्र हवे होते. कागदाचा आकार ठरला, रक्कम ठरली, चहा झाला आणि मी चपला घालत असताना त्या अगदी सहज म्हणाल्या, "सर, ते मनोरे तेवढे काढून टाकता येतील ना?" मी "बघतो" म्हणालो. लोकलने ठाण्याला परतेपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर होते. त्या मागणीत वावगे असे काहीच नव्हते आणि ती पुरी करणे अवघडही नव्हते, कारण मनोरा रंगवण्यापेक्षा तो न रंगवणे केव्हाही सोपे. मला खुपत होते ते इतकेच की आयुष्यभर मी चित्रातून काही ना काही काढतच आलो आहे आणि तोवर मला ते कोणी काढायला सांगितले नव्हते.

निसर्गचित्रकाराचे निम्मे शिक्षण म्हणजे काय सोडून द्यायचे याचेच शिक्षण असते. कला महाविद्यालयात असताना आम्हाला स्पॉटवर नेऊन बसवायचे आणि पहिला अर्धा तास रंगपेटी उघडू द्यायचे नाहीत. डोळे बारीक करून बघा, तपशील विरघळतील, उरेल तेवढेच चित्र, असे सांगितले जाई. मोठ्या मंडळींचे दाखलेही तेच असत. प्र. अ. धोंड यांची समुद्राची चित्रे आम्हाला दाखवली जात, त्यांत दोनचार ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग हातांत, आभाळ, पाणी आणि वाळू उरकलेली असे, आणि जिथे आम्ही बारीक ब्रशने लाटा मोजत बसलो असतो तिथे त्यांनी कोरा कागद सोडलेला असे. कोल्हापूरच्या कोटितीर्थाच्या परिसरात वर्षानुवर्षे रमलेल्या आबालाल रहिमान यांचे नाव निघे तेव्हाही ओघ याच मुद्द्यावर येऊन थांबे, की एकच जागा पुन्हापुन्हा रंगवणाऱ्याला त्या जागेतले अनावश्यक काय ते आपोआप कळते. हे सगळे मी मनापासून मानले आणि आजही मानतो. मात्र त्याच शिकवणीच्या आडोशाने ठाण्यातल्या आम्ही बहुतेकांनी मासुंदा तलाव रंगवताना मधले शंकराचे देऊळ ठेवले आणि काठावरच्या खाण्याच्या गाड्या, पायडलच्या बोटी, फलक, तारा आणि दुचाक्यांची रांग सोडून दिली. उपवनला डोंगर ठेवला आणि त्याच्या अंगावर येणाऱ्या इमारती सोडल्या. प्रत्येक वेळी कारण रचनेचे सांगितले. रचनेला अडणारी वस्तू दर वेळी नेमकी अलीकडच्या काळातलीच कशी निघते, हे आम्ही एकमेकांना कधी विचारले नाही.

अर्थात ही खोड आमच्या पिढीची नाही. टॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७९३ मध्ये मुंबईत आले, तिथे त्यांना जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार भेटला आणि त्यांनी साष्टी बेटावरची आणि आसपासची लेणी पाहिली, रेखाटली. म्हणजे येऊरच्या डोंगरापलीकडे, कान्हेरीला, ही मंडळी कागद घेऊन बसलेली होती. त्या काळच्या इंग्रजी रुचीचा साचा ठरलेला होता: पुढे एका बाजूला गडद झाड, मध्ये उजेडातला पाण्याचा किंवा अवशेषांचा भाग, मागे फिकट होत गेलेला डोंगर, आणि प्रमाण कळावे म्हणून दोनचार माणसे. पुढे हाच साचा आपल्या कलाशाळांत आला आणि अंगवळणी पडला. आजही एखाद्या हौशी चित्रकाराला खाडीकाठी बसवले, तर तिथे नसलेले माडाचे झाड त्याच्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात उगवते. मला त्या माडाचा राग येत नाही. वस्तू काढून टाकण्यावर जेवढी चर्चा होते तेवढी अशी घुसवण्यावर होत नाही, एवढेच आश्चर्य वाटते.

बाहेर बसून काम करणाऱ्याला निवांत असे काही मिळत नाही, हे मात्र लोकांना पटवणे कठीण जाते. झाडाखाली बसून रंगवणारा माणूस पाहिला की जाणारा-येणारा म्हणतो, "मस्त आहे तुमचं." सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. सकाळी साडेसातला ज्या भिंतीची सावली तुम्ही रंगवायला घेतली ती साडेनऊला दुसऱ्याच जागी गेलेली असते, म्हणून एका बैठकीचे चित्र जेमतेम दोन तासांचे. खाडीवर तर घड्याळे दोन असतात, एक वरचे आणि एक खालचे. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते, हा कोकणपट्टीतला जुना हिशेब मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात शिकलो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा, आणि खाडीच्या आत जितके यावे तितकी थोडी उशिरा. रोज सुमारे पन्नास मिनिटांनी वेळ पुढे जाते, त्यामुळे काल जिथे पाण्याचे प्रतिबिंब होते तिथे आज त्याच वेळी ओला चिखल असतो. चित्र दुसऱ्या दिवशी पुरे करू, असे खाडीवर म्हणता येत नाही. ते पुरे करायचे तर पंधरवडा थांबावे लागते, आणि तेव्हा ऋतू थोडा पुढे गेलेला असतो. उधाणाचे दिवस मला आवडतात, कारण पाणी पार तिवरांच्या खोडांत शिरते आणि सगळा काठ उलटा होऊन पाण्यात दिसू लागतो. भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि तेव्हा करड्या रंगांचा असा काही सुरेख खेळ चालतो की तो विकत कोणी घेत नाही.

चेंदणीलाच, मीठबंदर रस्त्याच्या बाजूला, मी एकदा नांगरलेल्या होड्या रंगवत बसलो होतो. मागे एक वृद्ध कोळी बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, ही होरी भरतीची, न् ती सुकतीची." नांगरावरची होडी प्रवाहाकडे तोंड करून राहते. भरती आत येत असताना तिचे नाक समुद्राकडे, ओहोटी लागली की ती हळूहळू वळून उलट दिशेला. माझ्या कागदावर डावीकडच्या होड्या समुद्राकडे पाहत होत्या आणि उजवीकडच्या आत, कारण दोन तासांत पाणी फिरले होते आणि मी जे दिसेल ते घेत गेलो होतो. मला ते चित्र तसेच आवडले आणि मी ते बदलले नाही. चित्राला एकच क्षण असतो ही समजूत छायाचित्राने रुजवली आहे, दोन तास बसणाऱ्याच्या कागदावर दोन तासच उतरणार. पण त्या आजोबांची नजर माझ्या कामी आली. त्यांनी पाणी बघितलेच नाही, होड्यांवरून पाणी वाचले. खाडीतल्या कुठल्या वस्तूवरून काय वाचता येते, हे मी त्यानंतर जास्त लक्ष देऊन पाहू लागलो.

हवेचा भाग आणखी वेगळा. मे महिन्यात वॉश टाकून ब्रश पाण्यात बुडवेपर्यंत कड वाळून रेघ उमटते, म्हणून काही जण पाण्यात ग्लिसरीनचे थेंब टाकतात. जुलैत याच्या नेमके उलट. पहिला थर तासभर ओलाच राहतो, त्यावर दुसरा टाकला की दोन्ही मिळून गढूळ होतात, आणि सगळे आयुष्य कागद वाळण्याची वाट बघण्यात चालले आहे असे वाटू लागते. पावसाळ्यात ठाण्याच्या चित्रकाराचा खरा स्टुडिओ म्हणजे उड्डाणपुलाखालची जागा. वर छप्पर, तिन्ही बाजूंनी उजेड, चहाची टपरी जवळ, आणि समोर ओल्या रस्त्यात पडलेले लाल दिवे. याहून मोठा शत्रू घरात असतो. कागदावर पाणी टिकून राहावे म्हणून त्याला सरसासारखी खळ दिलेली असते. आपल्याकडच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या कागदाची ती खळ मरते, आणि कागद वरून पांढराशुभ्र दिसला तरी पहिला वॉश टाकताच रंग टिपकागदासारखा आत शोषला जाऊन ठिपके ठिपके उमटतात. ३०० ग्रॅमच्या परदेशी कागदाचा मोठा ताव असा मेलेला निघाला की जीव हळहळतो. मी पावसाळ्याआधी कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्यात ठेवतो आणि तरीही दरवर्षी काही मरतातच.

हे सगळे मनोऱ्यांवर येण्यासाठीच चालले आहे.

ठाण्याची खाडी रंगवायला अवघड आहे, कारण ती आडवी आहे. आडवे आभाळ, आडवा डोंगर, आडवी तिवरे, आडवा चिखल, आडवे पाणी. एकावर एक पट्ट्या ठेवल्या तर कागदावर चादरीची किनार होते, खाडी होत नाही. तिथे दोन किलोमीटरचे अंतर आहे हे कशावरून कळणार? चिखलाला माप नसते. दहा पावलांवरचा ओहळ आणि पैलतीराजवळची खाडीची धार कागदावर एकाच जाडीची वाटू शकते. अशा जागी सारख्या उंचीची, सारख्या घडणीची एक वस्तू जवळून दूर ओळीने उभी असणे हे चित्रकाराचे भाग्यच म्हणावे लागेल. पहिल्या मनोऱ्याच्या जाळीतले त्रिकोण मोजता येतात, दुसऱ्याचे अंदाजाने कळतात, तिसरा नुसती करडी उभी खूण असतो, चौथा धुरकट हवेत असून नसल्यासारखा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून येणारी करडी छटा पाण्याने पातळ करत नेली की हवेचा सगळा दाटपणा त्या चार खुणांत मावतो. तारा तर मी अखंड ओढतच नाही, कोरड्या ब्रशने इथे-तिथे टेकवतो, उरलेल्या डोळा जोडून घेतो. हे मनोरे काढून टाकले की खाडीची खोली जाते. त्यांच्याऐवजी मग झाड आणावे लागते, होडी आणावी लागते, आणि बहुतेक वेळा फ्लेमिंगो आणावे लागतात.

फ्लेमिंगोंबद्दल बोलायचे तर मन दुभंगते. ते हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात, उन्हाळ्याच्या शेवटी जातात, ओहोटी लागली की चिखलावर पसरतात आणि भरती चढू लागली की मागे सरकतात. त्यांचे चरणे आणि माझे रंगवणे एकाच वेळापत्रकावर चालते. २०१५ मध्ये खाडीला अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली, आणि तेव्हापासून खाडीचे चित्र म्हणजे गुलाबी चित्र हे घेणाऱ्यांच्या मनात पक्के बसले. प्रत्यक्षात काठावरून दिसणारा थवा ही मळकट पांढऱ्या रंगाची थरथरती पट्टी असते. त्यात कुठेकुठे गुलाबीची आच, लहान वयाचे पक्षी राखाडी, आणि उडाले की मात्र पंखांतला लालकाळा रंग क्षणभर सगळीकडे पेटतो. तो रंगवायला हात पुरत नाही. बाजाराला हवा असलेला गुलाबी ऑपेरा रोझ नावाच्या नळीतून येतो. तो असा काही झळकतो की दुकानात नळी हातात घेतली की मोह आवरत नाही. त्यातले झगमगीत रंगद्रव्य उजेडाला टिकत नाही. पश्चिमेच्या बाल्कनीसमोरच्या भिंतीवर, जिथे खाडीचे चित्र हौसेने टांगले जाते, तिथे दुपारचे ऊन येते, आणि काही वर्षांत पक्षी फिके पडून चिखल तेवढा उरतो, कारण चिखल मातीच्या रंगांनी रंगवलेला असतो. मी टिकाऊ गुलाबी वापरतो. तो थोडा उदास दिसतो. "पक्षी जरा आजारी वाटतात," असे एकांनी मला तोंडावर सांगितले होते.

ऐरोलीच्या बाईंकडे मी दोन छोटी कच्ची चित्रे घेऊन गेलो, एक मनोऱ्यांसह आणि एक त्यांच्याशिवाय, तळहाताएवढी. त्यांनी दोन्ही नीट पाहिली. मनोऱ्यांचे चित्र अधिक खोल वाटते हे त्यांनीच आधी म्हटले, मला समजावण्याची वेळ आली नाही. मग त्या आत गेल्या आणि घर घेताना मिळालेली गुळगुळीत कागदाची पुस्तिका घेऊन आल्या. पुस्तिकेत हीच बाल्कनी होती, हीच खाडी होती, निळी होती, आणि त्यात मनोरे नव्हते. "आम्ही हे बघून घर घेतलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, हप्ते भरणाऱ्या माणसाचा नेमका हिशेब होता. त्यांना हवे असलेले दृश्य त्यांच्या समोर कधी नव्हतेच आणि ते निदान भिंतीवर तरी यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मी ज्याला तडजोड समजत होतो ती त्यांच्या बाजूने पाहिली तर थकबाकीची वसुली होती. माझे सगळे मुद्दे रचनेचे होते आणि त्या मुद्द्यांना त्या बाल्कनीत फारशी किंमत उरली नाही.

शेवटी मी चौकट खाली घेतली. बाविसाव्या मजल्यावरून थेट खाली पाहिले की आभाळ आणि पैलतीर दोन्ही सुटतात, आणि तिवरांच्या शेंड्यांमधून नागमोडी गेलेला एक ओहळ तेवढा मिळतो. त्या कोनातून मनोरे चौकटीत येतच नाहीत, फक्त एकाची सावली सकाळी चिखलावर लांब पडते, ती मी ठेवली. बाईंना चित्र आवडले. सावली कशाची हे त्यांनी विचारले नाही, किंवा कदाचित ओळखूनच विचारले नाही. माझ्या एका चित्रकार मित्राला मी मोठ्या समाधानाने हे सांगितले, तर तो म्हणाला, की मनोरे पुसण्याऐवजी तू मान खाली घातलीस, फरक काय पडला? माझ्या मते फरक पडतो. उभे राहण्याची जागा निवडणे हा चित्रकाराचा हक्क आहे, आणि एकदा उभे राहिल्यावर जे डोळ्यासमोर येते त्याच्याशी सचोटीने वागणे हे त्या हक्काचे मोल. पण त्या चित्राच्या पैशांतून मी दोन जुन्या चित्रांच्या चौकटी करून घेतल्या, वर्गाचे भाडे भरले, आणि हे सगळे करताना मित्राचे वाक्य डोक्यातून गेले नाही, हेही खरेच.

वर्ग म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांची मुले. आम्हा बहुतेकांचे घर चित्रांवर चालत नाही, ते मुलांच्या स्थिरचित्रांवर आणि संकल्पचित्रांवर चालते. प्रदर्शनाला दालनाचे भाडे, काच, माउंट, टेम्पो, आणि आलेल्या पाहुण्यांना वेफर, असा खर्च धरला तर चित्र विकले गेले तरी हातात उरते ते थोडेच. त्यामुळे बाहेर बसून काम करणारा चित्रकार आठवड्यातले बहुतेक दिवस घरात, ट्यूबलाइटखाली, मुलांच्या सुरईची लंबवर्तुळे दुरुस्त करत असतो. परीक्षा झाल्या की मी मोठ्या मुलांना रविवारी खाडीवर नेतो. सुरक्षारक्षक हटकतात, कशासाठी, परवानगी आहे का, पुलाचे चित्र काढायचे नाही. फोनवर त्याच पुलाचे शंभर फोटो काढणाऱ्याला ते काही म्हणत नाहीत. कागद आणि पेन्सिल घेऊन इतका वेळ एका जागी बसणारा माणूस संशयास्पद वाटत असावा, आणि एका अर्थी त्यांचे चूक नाही. इतका वेळ एकच गोष्ट बघणे आता सर्वसाधारण राहिलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी आम्ही चेंदणीच्या काठावर बसलो होतो. हवा इतकी धुरकट होती की कळव्याच्या मागची पारसिकची डोंगररांग दिसतच नव्हती. इमारती, त्यांच्यावरच्या क्रेन, पूल, त्यावरून जाणारी लोकल, पुढे चिखल, एवढेच. वर्गातल्या नववीतल्या एका मुलीने क्रेनपासून सुरुवात केली. तिने मोठ्या आत्मविश्वासाने पिवळी क्रेन रंगवली, तिच्या मागे पिवळट करडे आभाळ एका वॉशमध्ये सोडले आणि खाली येता येता पाण्याला कागदाच्या पायथ्याशी बोटभर जागा दिली. मी म्हटले, मागे डोंगराची एक रेघ घे, चित्र पाठीला टेकेल. ती म्हणाली, "पण सर, डोंगर दिसत नाहीये." मी म्हटले, दिसत नसला तरी तिथे आहे. तिने माझ्या बोर्डाकडे पाहिले. तिथे मी कोबाल्टच्या पातळ पट्ट्याने पारसिक घेतला होता, त्याचा उतार आणि त्यावरची खाच दोन्ही बरोबर, कारण तो मला पाठ आहे. "मग तुमचं स्मरणचित्र झालं की," ती म्हणाली आणि बाकीची मुले हसली. मी तिला बराच वेळ समजावले की डोंगर मला ठाऊक आहे, आणि जे ठाऊक आहे ते रंगवण्याचाही हक्क असतो. धुरकटपणा उद्या जाईल, डोंगर जाणार नाही. ती ऐकून घेत होती, पण ब्रश हलवत नव्हती. मग तिने विचारले, डोंगर ठाऊक आहे म्हणून घेतला, तर क्रेन का नाही घेतली, ती तर दिसतेय पण. मी म्हटले, क्रेन आज आहे, इमारत पुरी झाली की जाईल. "म्हणूनच तर मी आधी ती काढली," ती म्हणाली. पाणी पायरीला लागले होते, स्टुले मागे घ्यायची घाई सुरू झाली, आणि मी तिला तिच्या चिखलाची छटा अजून दोन पायऱ्या गडद हवी एवढेच सांगू शकलो. ते मात्र तिने लगेच मानले.